जाऊबाईंच्या मते मला ऊन लागलं

माझ्या मोठ्या जाऊबाईंना न विचारता प्रताप नगरात कुणाची आजारी पडायची टाप नाही. शिंक आमच्या खालच्या मजल्यावर येते आणि तिचं निदान वरच्या मजल्यावरून जिना उतरतं. त्यांचं माहेर भिवापूरचं, त्यामुळे त्या निदानाला तिथल्या मिरचीचा ठसका असतो. हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. त्या आपल्या कानात जे सांगतात ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आधी कळतं. सर्दीला ओवा, पोटाला हिंग, मुलांच्या परीक्षेला बदाम आणि नवऱ्याच्या हट्टाला अबोला, असे त्यांचे उतारे ठरलेले. गंमत म्हणजे बहुतेकांना गुण येतो. निदान पुढचा डोस चुकवायला तरी रोगी बरं वाटतंय म्हणून सांगतो.

माझ्या बाबतीत मात्र ही विद्या अडली. पन्नाशी जवळ आली आणि मला भर डिसेंबरात घाम फुटायला लागला. बँकेत काउंटरवर बसल्या बसल्या छातीतून जाळ उठायचा तो थेट केसांच्या मुळांपर्यंत. समोर गिऱ्हाईक स्वेटर घालून उभं आणि मी त्याच्याच पासबुकाने वारा घेतेय! रात्री झोप नाही, पाळीचा काही भरवसा नाही, ओळखीच्या माणसांची नावं आठवत नाहीत. एकदा मॅनेजरसाहेबांसमोर साधा रोजच्या कामातला शब्द आठवेना आणि मला रडूच फुटलं. आता नोकरी सोडावी असं मी मनाशी ठरवत आणलं होतं. त्या नोकरीवर माझा फार जीव होता, म्हणून कुणाला सांगवतही नव्हतं.

जाऊबाईंनी मला जिन्यात गाठलं, पदराने माझं कपाळ पुसलं आणि निकाल दिला, "ऊन लागलं वं तुले!"

"जाऊबाई, डिसेंबर आहे."

"त मंग? मे महिन्यातलं अंगात राहून गेलं असन. आता बाहेर निघून राहिलं."

नागपूरच्या माणसाला उकाड्याची एकच जात ठाऊक, ती आभाळातून येते. त्यामुळे मला उन्हाळ्याचे सगळे उपचार ऐन थंडीत सुरू झाले. उन्हात जाताना खिशात कांदा ठेवतात, तसा माझ्या पर्समध्ये कांदा आला. "मॅडम, आज डब्यात सावजी रस्सा आहे का?" असं एका सज्जनाने काउंटरवर आशेने विचारलं. संध्याकाळी तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची. एवढ्यानेही ऊन उतरेना, तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला गच्चीवर पिटाळलं. "भाऊजी, कूलर काढा!"

पौषात कूलर काढणारं नागपुरातलं पहिलं घर आमचंच असावं. टाकी भरली, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या आणि जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. मला घटकाभर अगदी स्वर्ग वाटला. नवरा कानटोपी, मफलर आणि दोन रजया घेऊन पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता आणि सकाळी त्याच्यासाठी ओवा आला. एवढं होऊनही दुपारी काउंटरवर जाळ उठला तो उठलाच, तेव्हा कुठे जाऊबाईंनी मला पाळीचं विचारलं.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दरवर्षी बायका वाण म्हणून डबे, गाळण्या, वाट्या लुटतात. जाऊबाईंनी बांबूचे हातपंखे लुटले! शाली पांघरून आलेल्या बायका पंख्याकडे बघत राहिल्या, तेव्हा त्यांनी खुलासा केला, "आमच्या लहानीची पाळी जाऊन राहिली, रात्रभर घामानं भिजते. कोणापाशी काही उपाय असन त सांगा वं!"

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण एक शाल खांद्यावरून उतरली, एक पंखा हलला, मग दुसरा. थोड्याच वेळात निम्मा हॉल वारा घेत होता आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. जवसाची चटणी खा. शतावरी घे. वांगं सोड. वांगं कशाला सोडते, भातच सोड! ही सगळी औषधं माझ्याच पोटात ढकलायच्या बेतात जाऊबाई होत्या, तेवढ्यात खाप्याहून आलेली एक पाहुणी म्हणाली, "मी त डॉक्टरीणबाईकडे गेली होती. आता झोपतो मी रात्री."

जाऊबाईंना हा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी, "पाहू तरी तिले काय येते," म्हणत त्याच मला घेऊन दवाखान्यात हजर झाल्या. प्रश्न मला होते, उत्तरं त्या देत होत्या. "झोप लागते?" "कायची झोप! भाऊजी सांगून राहिले ना, पंख्यासारखी फिरते पलंगावर." नोकरी सोडायचं मनात आहे, एवढं मात्र मीच सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, रक्तदाब पाहिला, थोड्या तपासण्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "हे ऊन नाही आणि वेडही नाही. पाळी जाण्याच्या काळात असं होतं. यावर औषधं आहेत, तुम्हाला कोणतं चालेल ते रिपोर्ट पाहून ठरवू. तोवर नोकरी सोडण्याचं नाव काढू नका." मला इतकं हलकं वाटलं की त्या परक्या बाईसमोर मी मनसोक्त रडून घेतलं.

डोळे पुसून मी उठले. जाऊबाई उठल्या नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "बाई, एक विचारू? एखाद्या बाईचं हे सारं होऊन गेलं असन, बहुत वर्षं झाली. तवा ते साऱ्यांवर ओरडे, मंग न्हाणीत जाऊन रडे. घरचे म्हणत, डोकं फिरलं हिचं." बोटाचा बंद सोडवत त्यांनी विचारलं, "फिरलं नव्हतं ना?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजिबात नव्हतं फिरलं." आणि त्यांनी मला बाहेर थांबण्याची खूण केली.

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. "राहू द्या तिले," त्या म्हणाल्या. "घरातल्या एकीनं तरी आयकलं पाहिजे."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून बसले.