माहेरून आलेली गाठ

किस्से कोणी गोळा करत नाही. एका जागी वीस वर्षं बसलं की ते आपोआप साचतात, दारापुढच्या चपलांसारखे! माझी जागा म्हणजे गडचिरोलीच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीच्या दारावरचं स्टूल. शिक्षण चौथी. तरी बायांच्या पोटातल्या भानगडी मले नव्या डॉक्टरपेक्षा जास्त माहीत!

*

माझं मुख्य काम पाणी पाजायचं. लघवी तुंबली की पोटातलं साफ दिसते. भामरागडकडून सुनीता आली, ओटीपोट दुखते म्हणून. लग्नाला दोन वर्षं, लेकरू नाही. सोबत सासू पार्वताबाई. सुनीताले बाटली दिली.

"पूर्ण पी, अन् दाबून ठेव."

थोड्या वेळानं पाहतो तर सासूचीही बाटली रिकामी!

"तुम्ही काऊन प्याल्या?"

"पोरगी एकटी कशी पिईन, भाऊ?"

अन् धावल्या संडासकडे!

*

सुनीताच्या गर्भनळीजवळ गाठ निघाली. मोसंबीएवढी, पाण्यानं भरलेली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "कॅन्सर नाही. सुनीता आईच्या पोटात घडत होती तेव्हाचा एक तुकडा विरायचा राहिला, त्यात पाणी साचलं. मोठी आहे, काढावी लागेल."

पार्वताबाईनं त्यातलं 'आईच्या पोटात' तेवढंच पकडलं.

"म्हणजे माहेरूनच आलं! मंग त्यायनंच पाहावं. लेकरू नाई झालं तं पोरगीही तिथंच राहू द्या!"

सुनीता रडायला लागली. माझं डोकं फिरलं.

"बाई, आंदणात नाई देल्लं त्यायनं!"

*

त्याच दिवशी चामोर्शीचे एक गुरुजी बायकोला घेऊन आले होते. तिलेही तशीच गाठ, पण मण्याएवढी. मॅडम म्हणाल्या, "त्रास नाही ना? राहू द्या."

गुरुजी अडून बसले. "इतक्या लांब आलो, तर काढूनच टाका!"

"गुरुजी," मी म्हटलं, "बायको हाय, धानाची बांधी नाई. तण निंदायले निघाले!"

*

ऑपरेशनच्या दिवशी सुनीताची आई आली. दारातच विहिणींची जुंपली.

"तुमचा माल, तुम्हीच घेऊन जा!"

"मी पोरगी देल्ली, गाठ नाई देल्ली!"

मी दोघींच्या हातात बाटल्या दिल्या.

"प्या, अन् दाबून ठेवा."

"काय?"

"तोंड!"

*

आमच्याकडे काढलेली वस्तू ट्रेमध्ये आणून नातेवाइकांना दाखवतात. सिस्टर ट्रे घेऊन आली. दोघी विहिणी एकमेकींचा हात धरून वाकल्या.

"अंडाशय वाचलं, नळी वाचली. लेकरू व्हायला अडचण नाही," सिस्टर म्हणाली.

पार्वताबाई डोळे पुसून विहिणीले म्हणाल्या, "गाठ तुमची व्हती. पोरगी माही हाय. घरी नेतो!"

*

दोन वर्षांनी पार्वताबाईच आल्या पोट धरून. सोबत सुनीता, कडेवर लेकरू. मी एक बाटली दिली, सुनीतानं दोन मागितल्या!

दुखणं मुतखड्याचं निघालं. पण तपासताना नळीजवळ बोराएवढी गाठही दिसली, तसलीच, जन्माच्या आधीची. मॅडम म्हणाल्या, "ही काही करत नाही. पण मनात भीती असेल तर सांगा, काढून टाकू."

मी संधी कशाला सोडतो!

"काय बाई, तुमच्याही माहेरचं निघालं की!"

वाटलं, आता शिव्या पडतील. बाईनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाल्या,

"राहू द्या, भाऊ. माहेरचं आता दुसरं काईच नाई राह्यलं."