धुळीतली वेल

उझबेकिस्तानातल्या खिवा शहरातले उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, सापरबाय यांनी चाळीस वर्षे वाकस हे लाकूड तासायचे अवजार चालवून मशिदींचे लाकडी खांब घडवले. आता खांदा वाकस पेलेना. शेवटच्या खांबाचा ओंडका अंगणात वाट पाहत होता. ओबडधोबड तासणी एखाद्या लहान चेनसॉने केली, तर छिन्नीपुरते बळ उरणार होते. नाहीतर अवजारे कायमची पेटीत जाणार होती.

बाजारात दुकानदार राझिमने सर्वांत मोठी चेनसॉ पुढे केली. “उस्ता, हिनं अख्खं झाड आडवं होतं.”

“मला झाड पाडायचं नाही, बाबा. पाकळी उमलवायचीय.”

शिष्यांना नक्षी शिकवावी तशी उस्तांनी त्या मोठ्या, बंद यंत्राच्या टोकाने दुकानापुढच्या धुळीत वेल रेखली. वळणावर पाकळी फाटली आणि खांदा कळवळला. मग त्यांनी निमुळत्या पात्याची, बॅटरीवर चालणारी लहान चेनसॉ उचलली. या वेळी वेल वळली, फुलली, कुठेही तुटली नाही. खांदाही शांत राहिला.

सोबत आलेली पत्नी अनाबीबी म्हणाली, “मला पसंत करताना एवढं पारखलं नव्हतंत.”

“तुला आईनं पारखलं होतं. म्हणून तर चूक झाली नाही.”

हात थकतो, पण हातातली भक्ती थकत नाही. दुसऱ्या सकाळी बिस्मिल्ला म्हणत उस्तांनी त्या लहान चेनसॉने ओंडक्याला पहिला छेद दिला. बाजारात राझिम दुकानापुढे झाडत होता. ती न तुटलेली वेल मात्र त्याने तशीच राहू दिली.