बाही वर घ्या

"मावशी, बाही जरा वर घ्या. मागच्यांना दिसत नाहीये."

जुळे सोलापुरातला हॉल. एसी चालू. मी स्टेजवर उभी. माइकवर बोलणारी संस्थेची बाई माझ्याच वयाची, तरी मी मावशी. दंड कापला गेल्यापासून मी लांब बाहीचा ब्लाउज घालते. मी हलले नाही तशी तिनंच बाही चिमटीत धरली आणि खांद्यापर्यंत सरकवली.

माझा नवरासुद्धा बाहीला हात लावायच्या आधी विचारतो.

खांद्यापासून कोपरापर्यंतचा वण सगळ्यांनी बघितला. फोटो निघाले. पुढच्या खुर्चीवरचा एक जण समोसा खाता खाता "बापरे" म्हणाला. बाई माझ्या कानाशी आली. "रडलात तरी चालेल हं. मोकळ्या व्हा."

तिला माझं रडं पाहिजे होतं. फोटोसाठी.

आमची गल्ली बंद गिरणीच्या मागं. मी कारखान्यात शाळेचे युनिफॉर्म शिवायची, नवरा रिक्षा चालवतो. एका दिवेलागणीला विशी-पंचविशीतली चार-पाच टाळकी कोयते घेऊन गल्लीत शिरली. कुणाशी भांडण नव्हतं. गल्लीनं आपल्याला घाबरावं, एवढ्यासाठी उभ्या गाड्या फोडत निघाली. आमच्या रिक्षाची काच फुटली. नवरा आत तापानं फणफणलेला. मी बाहेर गेले. पुढचा ओळखीचा. आमच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला.

"का रं? तुझं काय वाकडं केलंय आमी?"

त्यानं कोयता घातला.

मी ओरडले. आणि धडाधड दारं लागली. एकेक कडी पडल्याचा आवाज मी रस्त्यावर पडून ऐकला. एकच दार उघडलं. बांगड्या विकणाऱ्या रझियाबीचं. तिनं ओढणीनं माझा दंड आवळला आणि बंद दारांकडं बघून ओरडली, "मर गए क्या सब?"

टाके घालून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रझियाबी चौकीत गेलो. साहेब खुर्चीत, आम्ही उभ्या. साहेब म्हणाले, "तुमच्या वस्तीत हे रोजचंच. उद्या आपसात मिटवून मोकळे होता. कशाला आमचं काम वाढवता?" तुमच्या वस्तीत. जणू आम्ही जन्मताच कापून घ्यायची सवय लावून घेतो. रझियाबी म्हणाली, "लिखो साब. लिखे बगैर नै जाते हम." संध्याकाळ झाली तेव्हा लिहिलं.

मी घरी पडून होते तेव्हा समोरची नरसूबाई आली. विड्या वळते ती. उंबऱ्यावरच बसली. "अक्का, मी कडी घातली गं. पोरी होत्या घरात." मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. राग होता. अजून आहे. पण पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात शिरली. त्या दिवशी प्रत्येक घराला वाटलं होतं की आपण एकटेच आहोत. त्या पोरांचा खरा जोर तोच होता.

मग दुपारी रझियाबीच्या कट्ट्यावर बायका जमल्या. ठरलं. किंकाळी ऐकली की कडी घालायची नाही. ताटं वाजवत सगळ्यांनी बाहेर यायचं. म्हातारी माणसं, लहान पोरं मधल्या घरात. चौकीत एकटीनं जायचं नाही. ज्यांनी ज्यांनी बघितलं, त्या सगळ्यांनी जबाबात मारणाऱ्याचं नाव सांगायचं, म्हणजे एकीला गाठून दाबता येणार नाही. एक-दोन पुरुष म्हणाले, "हे बायकांचं काम न्हाय." रझियाबी म्हणाली, "तो तुम आगे हो जाओ, हम पीछे आते." नंतर तेही आले मात्र.

काही आठवड्यांनी ती टोळी परत आली. माझ्यावर वार करणारा आत होता, पण बाकीचे मोकळेच. या वेळी एकाच्या हातात गावठी पिस्तूल. ताटं वाजली. दारं उघडली. मीही ताट घेऊन बाहेर आले. सगळ्यात पुढं नरसूबाई. त्यानं पिस्तूल उचललं. समोर गल्लीभर माणसं बघितली, आणि हात खाली घेतला. शिव्या देत गेले. पण गेले.

ही बातमी पसरली तशी संस्थेची बाई आमच्याकडं आली. सत्कार करायचाय म्हणाली. म्हणून मी त्या स्टेजवर होते.

माझी बाही वर धरूनच ती माइकवर म्हणाली, "आमच्या शिबिरांमुळे या महिलांना बळ मिळालं." कुठलं शिबिर? आमच्या गल्लीत एकही झालं नव्हतं. मग प्रमुख पाहुणे शाल घेऊन उठले. आमच्या भागातले पुढारी. मला कापणारा जामिनावर सुटला, तेव्हा याच माणसाच्या गाडीतून घरी आला होता. गल्लीच्या तोंडाशी त्या पोराच्या वाढदिवसाचा फलक लागला, त्यावर हे दोघं खांद्याला खांदा लावून. अख्ख्या भागाला माहीत. बाईलाही.

शाल माझ्या अंगावर पडणार एवढ्यात मी मागं सरले. तिच्या हातातून बाही सोडवली.

"घ्या मावशी, लाजू नका."

मी माइक ओढून घेतला. "मी लाजत न्हाय. ज्यानं मला कापलं, त्याला ह्याच साहेबांनी गाडीत बसवून घरी आणलं. ह्यांची शाल मला नको. आन् शिबिर कुटं घेतलं तुमी? आमची दारं आमीच उघडली."

कुणीतरी माइक बंद केला. मी तशीच बोलत राहिले. मागच्या रांगेतून माझ्यासोबत आलेल्या गल्लीतल्या बायका उठल्या. बाईचा चेहरा लालबुंद. "केवढं केलं आम्ही तुमच्यासाठी! इथं राजकारण आणायचं नाही."

केवढं केलं? मला उघडं केलं.

आम्ही तिथून चालत बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकानं सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. मला वरून फोन आलाय." आणि त्याच आठवड्यात एक जण मोटारसायकलवरून दाराशी आला. इंजिन चालूच. "दुसरा हातबी हाय की तुला," म्हणाला आणि गेला.

मी घाबरले. घाबरायचं नाही असं सांगणाऱ्यांच्या दारात कुणी कोयता घेऊन येत नाही. पण केस उभी राहिली आहे. समन्स येईल. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहणार. कोयत्यावाल्याचं नाव सांगणार, गाडीवाल्याचंही सांगणार.

मला संपवलंत, तर नरसूबाई सांगेल. तिला अडवलंत, तर रझियाबी. आमच्या गल्लीत तोंडं लई हायत.