एकच पाहुणा, तोही अर्धा

ऑर्व्हिल टोलेफसन यांनी बेचाळीस वर्षं चीजच्या कारखान्यात काढली. बायको गेल्यावर ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विधानभवनात बिनपगारी वाटाडे झाले, दुपारी तीनच्या फेरीचे. घरच्या भिंती हूं की चूं करत नाहीत; इथला संगमरवर निदान घुमतो तरी.

अडचण एवढीच, की राज्यातलं प्रत्येक पोर चौथीच्या सहलीत हे भवन बघतं आणि मग जन्मभर फिरकत नाही. जानेवारीत तर कुत्रंही येत नाही. आठवडाभर कुणी आलं नाही तर तीनची फेरी बंद, असं वरून बजावलं होतं. आज शुक्रवार, आणि आठवड्यात अजून कुणीच नाही.

तीन वाजता कुत्रं आलं. लांबुळकं, वीतभर पायांचं, कुडकुडणारं. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव: व्हर्जिल.

“या व्हर्जिल, अगदी वेळेवर आलात!” ऑर्व्हिल म्हणाले. “घुमटावर सोन्याची बाई आहे. तिच्या डोक्यावर काय? बॅजर! बिळात राहणारा, आमच्या राज्याचा प्राणी. बाईच्या डोक्यावर जनावर बसवावं तर आम्हीच.”

व्हर्जिलनं खांब हुंगला. ऑर्व्हिल घाईनं पुढे सरकले.

पुढे काशाचा बॅजर होता. नशिबासाठी लोक त्याचं नाक चोळतात, म्हणून तेवढं नाक लख्ख. व्हर्जिल जातीनं डॅशहंड; त्याचे पूर्वज जर्मनीत बॅजरच्या बिळांत घुसून शिकार करायचे. रक्त उसळलं. एका भुंकण्याची घुमटानं चाळीस करून परत दिली. घाबरून व्हर्जिल बॅजरलाच बिलगला आणि त्याचं नाक चाटू लागला.

“पिढ्यांचं वैर दोन मिनिटांत मिटलं,” ऑर्व्हिल म्हणाले. “सभागृहात कळवायला हवं.”

तेवढ्यात लाल कोटातली बाई धावत आली. “इथे आहेस होय रे लबाडा! फार त्रास दिला का हो यानं?”

“छे छे! फेरी अर्धी राहिलीय. तुम्हीही येता?”

“नको हो. चौथीत बघितलंय.”

‘थांबा ना’ म्हणणं ऑर्व्हिलच्या कुळात बसत नव्हतं. “बरं बरं, काही हरकत नाही,” ते म्हणाले. तिच्याबरोबर जाताना व्हर्जिलनं मात्र दोनदा मागे वळून पाहिलं.

दारावरच्या डार्लीननं पाहुण्यांची वही उघडली. “किती आले, ऑर्व्हिल?”

“एक. पण अर्ध्यातून गेला.”

“नाव?”

“व्हर्जिल.”

पंजांचे ओले ठसे दारापासून आत गेलेले डार्लीनला दिसत होते. तिनं नाव लिहिलं, वही मिटली. “सोमवारी तीन वाजता या. मफलर विसरू नका.”

ऑर्व्हिल आत परतले. बॅजरचं नाक अजून ओलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. समोर कुणी नव्हतं, तरी फेरीचा उरलेला अर्धा भाग त्यांनी नीट, मोठ्यानं सांगून संपवला.