गाडी गार असताना

मी गाडी शिकले ती चव्वेचाळिसाव्या वर्षी. नवीन पनवेलच्या पलीकडे रस्ते आधी झाले होते आणि इमारती अजून यायच्या होत्या. तिथं संध्याकाळच्या उन्हात मी गोल गोल फिरायचे. दोन्ही बाजूंना उंच गवत, मध्येच एखादी म्हैस, आणि कुठेच न पोहोचणारा गुळगुळीत डांबरी रस्ता.

शिकायला कारण होतं. आपटा गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका प्राथमिक शाळेत माझी बदली झाली होती आणि शाळा सकाळची होती. आमच्या सुकापूरहून रिक्षा बदलत पोहोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची. नवऱ्याची नोकरी रत्नागिरीला. तो शनिवारी रात्री घरी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचा. त्यानंच ओळखीतून एक बारा वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी मिळवून दिली. मूळची पांढरी, पण आता सायीच्या रंगाची झालेली. पहिलं वर्ष तिनं मला काहीच त्रास दिला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात सुरू झालं. पहाटे पावणेसहाला मी खाली यायचे. पार्किंगमधले दिवे धुक्यात विरघळल्यासारखे दिसायचे. सेल्फ मारला की इंजिन एकदम सुरू व्हायचं नाही. दोनतीनदा घरघरायचं, मग सुरू व्हायचं ते थरथरतच. स्टिअरिंग, आरसा, माझी पाण्याची बाटली, सगळंच हलायचं. गिअर टाकून थोडी रेस दिली की गाडी क्षणभर काहीच करायची नाही. मी पाय दाबलेला, आणि ती जागच्या जागी, कुणीतरी हाक मारली की नाही याचा विचार करत असल्यासारखी. मग एक धक्का देऊन पुढे जायची. चारपाच किलोमीटर गेल्यावर मात्र इतकी शहाण्यासारखी धावायची की मघाचं सगळं मला झोपेतच झालं असावं असं वाटायचं.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं रविवारी दुपारी जेवण झाल्यावर गाडी काढली, एक मोठी चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाला, "काही नाही गं. मस्त चालतेय."

तरी त्यानं ती एका गॅरेजमध्ये नेली. तिथं प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, आणखी कायकाय साफ केलं. सोमवारी पहाटे ती पुन्हा तशीच थरथरली.

पुढच्या रविवारी तो अगदी मायेनं म्हणाला, "तू क्लच जरा लवकर सोडतेस. हळू सोडून बघ." तो रागावून बोलला असता तर मी भांडले असते. त्या मायेपुढे मी 'बरं' म्हटलं. तो गाडी चालवायचा तेव्हा ती नीट चालायची, मी चालवायचे तेव्हा अडखळायची. मग दोष कुणाचा, हे काय सांगायला हवं? मी रात्री पलंगावर पडल्या पडल्या डावा पाय हळूहळू उचलायचा सराव करायला लागले. डोळे मिटले की पायाखाली पेडल यायचं.

एका सकाळी हायवेला लागायच्या वळणावर गाडी बंदच पडली. धुकं इतकं होतं की रस्त्याची कडाही दिसत नव्हती. मागे ट्रकचे दोन पिवळे दिवे आले आणि थांबले. एकदा हॉर्न वाजला. मी चावी फिरवतेय, इंजिन घरघरतंय, सुरू होत नाही. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं माझी गाडी ढकलून कडेला लावली आणि तो निघून गेला. त्याचा चेहराही मला दिसला नाही. मी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. मग गाडी सुरू झाली. मी शाळेत गेले, मुलांना बेरीज शिकवली, दुपारी घरी आले आणि चावी कपाटात ठेवून दिली.

पुढचे पाच दिवस रिक्षानं गेले.

सहाव्या दिवशी जिन्याखाली गाड्या पुसणाऱ्या मावशी भेटल्या. त्या जुन्या सुकापूर गावातल्या. पहाटे पाचला येऊन आमच्या इमारतीतल्या सगळ्या गाड्या पुसायच्या.

"बाई, गाडी नाय काढत आताशा?"

"मला नीट चालवता येत नाही, मावशी."

त्यांनी फडका पिळला आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच वर्गातली चुकार पोर. "कोन बोल्ला? गाडी आजारी हाय, तुमी नाय. रातभर गार पडते ना, तवाच खोकते. साहेब दुपारी उन्हातनं काढतात, तवा कशाला खोकंल? मी रोज आयकते ना."

माझ्या नवऱ्याच्या, गॅरेजवाल्याच्या, माझ्या स्वतःच्याही हे लक्षात आलं नव्हतं. गाडी कधी अडखळते, हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी कोण चालवतंय तेवढंच बघितलं होतं.

मावशींचा भाऊ टेम्पो चालवायचा. त्याच्या टेम्पोचं काम करणाऱ्या चाचांचा पत्ता त्यांनीच दिला. पनवेलच्या जुन्या वस्तीत, एका अरुंद गल्लीच्या टोकाला त्यांचं गॅरेज. शाळेतून येऊन संध्याकाळी मी गाडी तिकडे नेली. दिवसभर उन्हात तापलेली, अर्थातच ती सुतासारखी सरळ चालत गेली.

चाचा सत्तरीकडे झुकलेले, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. बावीस वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून परत आलेले. त्यांनी लगेच बोनेट उघडलं नाही. मला स्टुलावर बसवलं आणि एकेक विचारायला लागले. सुरू व्हायला किती वेळ लागतो? थरथर किती वेळ राहते? शाळेबाहेर पाच तास उभी राहिल्यावरही असंच होतं का? पाऊस असतो तेव्हा? मग म्हणाले, "सकाळी चालू केल्यावर समोर निळा दिवा लागतो का? थंड इंजिनाचा?"

मी आठवून बघितलं. "आधी लागायचा. आता... नाही. खूप दिवसांत नाही दिसला."

"हं," ते म्हणाले. "आत्ता तपासून काही उपयोग नाही. आत्ता ती गरम आहे, मशीन पण गरमच सांगणार. मी उद्या पहाटे फजरची नमाज पढून येतो तुमच्याकडे. एक करा, बाई. मी येईपर्यंत चावी लावू नका. तिला झोपू द्या."

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, पण शाळेला सुट्टी होती. अजून उजाडायचं होतं. स्कूटरवरून चाचा आले, कानटोपी घातलेले. त्यांनी आधी बोनेटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. मग स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं, चावी अर्धीच फिरवली आणि यंत्राचा पडदा माझ्यापुढे धरला.

"वाचा, टीचर."

बाहेरच्या हवेचं तापमान सोळा. इंजिनातल्या पाण्याचं त्र्याऐंशी.

"आता हात लावा."

मी इंजिनाला हात लावला. रात्रभर अंगणात राहिलेल्या तांब्यासारखं गार.

"हिला वाटतंय, ही आत्ता पुण्याहून धावत आलीय," चाचा म्हणाले. "गार इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं. पण तापमान सांगणारा सेन्सर खराब आहे. तो म्हणतो, गरम आहे. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. उपाशीपोटी उठवतो आपण तिला, आणि म्हणतो पळ."

मी त्या त्र्याऐंशीकडे बघत राहिले. रात्रभर आमच्या खिडकीखाली ती गाडी स्वप्नात कुठल्यातरी घाटातून धावत होती, आणि पहाटे मी तिला अर्धवट जागं करत होते.

"चाचा, म्हणजे माझ्या क्लचचा...?"

"क्लचचं काय?"

मी सगळं सांगितलं. हायवेचं वळण, ट्रक, पलंगावरचा सराव. सांगताना हसायचं होतं, ते जमलं नाही. चाचांनी बाजूच्या सीटवर बसून पट्टा लावला. "चला. चालवा."

मी सेल्फ मारला. तेच घरघरणं, तीच थरथर. गेटपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, वाकून माझ्या पायांकडे बघत होते. गाडी थांबल्यावर म्हणाले, "तुमचा पाय बरोबर आहे, बाई. एकदम बरोबर."

बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "मी तं कवाच सांगतलं!"

त्या संध्याकाळी सेन्सर बदलला. दुसऱ्या पहाटे निळा दिवा लागला आणि इंजिन पहिल्या हाकेला ओ दिल्यासारखं सुरू झालं. मला आनंदानं टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण गेटमधून बाहेर पडताना, रेस देताच, गाडीची तीच छोटीशी अडखळ. आधीपेक्षा पुष्कळ कमी, पण होती. मी तिथंच थांबून चाचांना फोन लावला. या वेळी माझ्याच पायाचं काहीतरी चुकलं असेल, असं मला एकदाही वाटलं नाही, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

पुढच्या पहाटे ते पुन्हा आले. या वेळी यंत्र नव्हतं, हातभर लांबीची एक साधी रबरी नळी होती. गार इंजिन चालू करून त्यांनी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवू लागले. मध्येच थांबले, आणि कानाचं टोक माझ्याकडे दिलं.

मी कान लावला. इंजिनाचा सगळा गोंगाट दूर गेला. आत, फार खोलवर, एक बारीक सूं सूं आवाज येत होता, खिडकीच्या फटीतून वारा यावा तसा. चाचांनी तिथलं एक जुनं काळं रबर दोन बोटांनी दाबलं. आवाज थांबला, आणि इंजिन एकाएकी समेवर आलं. बोटं काढली, पुन्हा सूं सूं.

"चिरलंय. गार असताना रबर आखडतं, चीर उघडते, नको ती हवा आत जाते. तापलं की फुगून आपोआप मिटते. म्हणून कुणाला सापडत नाही." त्यांनी पुन्हा नळी आपल्या कानाला लावली आणि काही वेळ नुसतंच ऐकत राहिले. "तिकडे बावीस वर्षांत असं कधी ऐकलं नाही. तिकडे सकाळीच बोनेटला हात लावला तर भाजायचा. परत आलो, पहिला थंडीचा महिना, एकाची गाडी अशीच अडायची. तीन वेळा परत पाठवलं मी त्याला, म्हटलं तुझा खयाल आहे, गाडीला काही नाही." ते चष्मा पुसू लागले. "मग एक दिवस तो यायचाच बंद झाला. तेव्हापासून मी सकाळी जातो लोकांकडे."

मी वर जाऊन चहा करून आणला. मावशी, चाचा आणि मी गाडीच्या बोनेटवर कप ठेवून चहा प्यायलो. धुक्यातून सूर्य वर येत होता, तो पिवळा नव्हता, नुसता एक गोल उजेड. इंजिन हळू आवाजात चालूच होतं, आणि त्याच्या उबेनं कपांखालचं दव वाळत होतं.

रबर बदलल्यावर काहीच राहिलं नाही. नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मी दुपारीच चालवायचो गं." आणि थोड्या वेळानं, "सॉरी."

मग एका सोमवारी त्यानं रजा काढली. म्हणाला, मला तुझ्याबरोबर यायचंय, शाळेपर्यंत. पावणेसहाला खाली उतरलो. तो नेहमीच्या सवयीनं उजव्या दाराकडे गेला, थांबला, हसला, आणि फिरून डाव्या बाजूला बसला. मी गाडी सुरू केली. हायवेच्या वळणावर रस्ता मोकळा होता. रेस दिली, आणि गाडी पाण्यातून होडी सुटावी तशी पुढे निघाली.

मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. मी वळून बघितलं. त्याची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. तो गाढ झोपला होता. पुढे पाताळगंगा नदीवर धुक्याचा एक लांब पांढरा पट्टा पसरला होता. त्याला जाग येऊ नये म्हणून मी गिअर अगदी हलक्या हातानं बदलला.