उपरण्याखाली दिलेला हात

आमच्या हृदयविभागाच्या प्रमुखांनी मला फसवलं आणि मी माझ्या मामाला. माझ्याकडून ते नकळत झालं, त्यांनी समजूनउमजून केलं.

मी हृदयाचा सर्जन आहे. डुकराचं हृदय दुसऱ्या जनावराच्या छातीत टिकवण्याच्या प्रयोगांत माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे ते माणसात बसवायचं होतं. शिक्षण मी स्वतःच्या हिमतीवर केलं, पण घासाघीस शिकवली मामाने. माझ्याहून दहाच वर्षांनी मोठा. बैलांचा दलाल. रिसोडच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. हात दिला की सौदा पक्का. मग शेजारच्या दावणीकडे बघायचंही नाही. प्रयोगशाळेसाठी जनावरं, यंत्रं, औषधं मी तसंच भांडून मिळवली. मला कोणी गंडवेल असं वाटलंच नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी मामाचं हृदय फुगल्याचं कळलं. मी त्याला शहरात प्रमुखांकडे नेलं. ते म्हणाले, "माणसावरच्या शस्त्रक्रियेसाठी आपण परवानगी मागतोय. तयार रुग्ण दाखवावे लागतात, त्यात यांचं नाव घालू. माणसाच्या हृदयासाठीच्या यादीतही मी स्वतः नोंदवतो."

मामा म्हणाला, "डुकराचं काहून? बैलाचं नाई का भेटत?"

"तुया छातीत मावनार नाई ते, मामा."

"मंग तुया साहेबाचं मावते का पाह्य."

प्रमुख हसले आणि निरोपासाठी हात पुढे केला. मामाने खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि त्यांची बोटं दाबली. प्रमुखांना गंमत वाटली. मला वाटली नाही. मामाने सौदा केला होता. कागदावर सही त्याने नंतर केली, न वाचता.

परवानगी आली नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्या अर्जाची प्रत माझ्या हाती लागली. मामाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'मानवी हृदयासाठी अपात्र'. तशी तपासणी कधी झालीच नव्हती. ज्याला माणसाचं हृदय मिळू शकतं त्याला डुकराच्या हृदयासाठी दाखवता येत नाही, म्हणून त्याचं नाव माणसाच्या हृदयाच्या यादीत घातलंच नव्हतं. दात बघितल्याशिवाय जनावर न घेणारा मी, नोंदीचा कागद मागायला विसरलो.

तेव्हापासून मामाला सांगायचं मी टाळत होतो. शेलूबाजारला मामाच्या घरी आलो तर तो बाजेवर भिंतीला टेकून बसलेला. आडवा झाला की गुदमरतो. पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहतो. आमच्या प्रयोगातलं एक माकड मला सारखं आठवतं. सकाळी त्याने माझ्या हातून केळं घेतलं आणि दुपारी त्याचं हृदय थांबलं. मामाचं कधी थांबेल ते मला सांगता येत नाही. कसं थांबतं ते मात्र मी पाहिलंय.

नागपूरचे एक डॉक्टर म्हणाले, लगेच आणा, तपासून नोंद करतो. मी गाडी दारात लावली. मामा बाजेवरून उठेना.

"म्या हात देल्ला हाये. आता दुसऱ्या दावणीले जात नाई."

"मामा, तो सौदा खोटा होता. म्याच तुले फसवलं." सगळं सांगितलं, त्या अपात्र शब्दासकट.

तो धापा टाकत म्हणाला, "माकडाच्या छातीत डुक्कर बसवतं, अन् मामाले सांगाले पंधरा दिवस भेतं?"

"शिव्या गाडीत दे. चाल."

"हात तुया हातात नाई देल्ला. ज्यानं घेतला तोच सोडन. बोलाव त्याले."

मी तिथूनच फोन लावला. प्रमुख म्हणाले, "अहो, ते नुसतं हस्तांदोलन होतं. मी बैठकीत आहे." मी त्यांना जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही, म्हणून हे छापायला देतोय.

गाडी अजून दारात उभी आहे. साहेब, शेलूबाजारला या. मामाच्या बाजेवर बसा, उपरण्याखाली हात घाला आणि तुमचा सौदा तुम्हीच मोडा. आणि न तपासता 'अपात्र' कोणी लिहिलं, ते त्याच्या तोंडावर सांगा. त्याचा श्वास चालू आहे तोवर.