डब्यावरचं नाव

नरोलीच्या धागा कारखान्यात गोकुळ झुंबर पवार बारा तासांची पाळी अशी ओढायचा, की मशीन थकावं पण हा थकू नये. त्याचं एवढं एक कौतुक सुरुवातीलाच करून टाकतो. पुढं करायला जागा मिळणार नाही.

शिरपूरकडून तो सत्त्याऐंशी साली आला, तेव्हा दमणगंगेच्या काठानं भाताच्या खाचरांतून नुकत्याच कारखान्यांच्या भिंती वर येत होत्या. सोबत बायको दुर्गा आणि झोळीतली गुड्डी. तीन वर्षांत गोकुळ हेल्परचा ऑपरेटर झाला, आणि ऑपरेटर झाल्या झाल्या त्याला उमगलं, की आपल्या मानानं बायको फारच साधी आहे. एका संध्याकाळी त्यानं मायलेकींना खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. नंतर बराच वेळ आत रेडिओ वाजत होता, असं शेजारी सांगतात.

दुर्गा गावी परतली नाही. सिल्वासाच्या बाजारात केसरबाईचं भांड्यांचं दुकान होतं. तिथं ती भांडी पुसायला राहिली. सातवी शिकलेली, अक्षर वळणदार. ते पाहून केसरबाईनं तिच्या हातात नाव घालायचं यंत्र दिलं. लग्नातला आहेर असो की मंडळाचा हंडा, नाव घातल्याशिवाय भांडं दुकानातून हलत नसे. सुई गुरगुरायची, ठिपक्याला ठिपका लागायचा आणि थंड स्टीलवर एकेक माणूस उमटायचा. दुर्गानं किती लोकांची नावं घातली, तिची तिलाही आठवत नसतील.

नव्वदच्या दिवाळीनंतर कोर्टानं दोघींना मिळून महिना अडीचशे रुपये पोटगी ठरवून दिली. गोकुळनं चार महिने पैसे भरले. पाचव्या महिन्यात त्याला लुना दिसली. लुनाचा हप्ता त्यानं एकदाही चुकवला नाही. हप्ता चुकला असता तर लुना ओढून नेली असती आणि चाळ हसली असती. मुलगी बिनवहीची शाळेत गेली, तर ती कोण बघणार होतं?

अकरा महिन्यांत थकलेली पोटगी पावणेतीन हजारांवर गेली आणि नोटीस आली, की भरा, नाहीतर तुरुंगात बसा. पगार बाराशे, त्यात खोली, खानावळ, लुना. हिशेब खरंच बसत नव्हता, हे खोटं नाही. गोकुळ तो पुन्हा पुन्हा मांडून बघायचा, आणि काढून टाकण्यासारखं त्यात त्याला दर वेळी एकच सापडायचं: दुर्गा आणि गुड्डी.

त्यानं अर्ज लिहून घेतला. आजारपणामुळं सबंध सालभर महिन्याला बारा-तेराच दिवस काम मिळालं, सबब पोटगी पंचाहत्तर रुपये करावी आणि मागची बाकी माफ व्हावी. एका बाटलीच्या बदल्यात ठेकेदारानं तसा दाखलाही दिला. दुर्गाच्या खोलीचं भाडंच एकशेवीस होतं. अर्ज मंजूर झाला असता तर तिला यंत्र ठेवून, गुड्डीचं बोट धरून भावाच्या दारात जावं लागलं असतं, आणि भाऊ दार किती उघडेल हे तिला ठाऊक होतं.

त्याच सुमारास, ब्याण्णवच्या जानेवारीत, झेंडावंदनाला, कारखान्यानं बक्षिसं वाटली. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या नऊ कामगारांना स्टीलचा कडीचा डबा, नाव घातलेला. गोकुळनं तो छाती काढून घेतला. पुढं रोज तो राखेनं घासून चमकवायचा आणि पाळीवर अक्षरं लोकांच्या बाजूला येतील असा ठेवायचा.

तारखेच्या दिवशी चार दिवसांची दाढी ठेवून, कुणाचा तरी फाटका शर्ट घालून तो खानावळीत डबा भरून घ्यायला गेला. खानावळवाल्या कोंडाबाईनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"काय रे, लग्नाला निघाला का मयताला?"

"कोर्टात, मावशी. गरीब दिसावं लागतं."

"मग डबा कशाला एवढा चकचकीत?"

"तिथूनच दुपारपाळीला जायचंय ना. खाडा पडेल."

कोंडाबाईनं भाकरीवर ठेचा थापला आणि कडी लावली. अर्ज कागदावर होता आणि डबा पिशवीत. कागदावरचं खोटं आणि डब्यावरचं खरं एकाच खोलीत चाललंय, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी गोकुळचं रडगाणं ऐकलं, दाखला वाचला, मान हलवली. मग दुर्गाला बोलावलं. तिनं वकील केला नव्हता. मागच्या वेळी वकिलानंच सगळं बोलून टाकलं होतं. कारकून होते राजापूरकडचे गजानन, कागदाइतकेच कोरडे.

"नाव?"

"दुर्गा."

"पूर्ण नाव सांगा."

पूर्ण नाव म्हटलं की मधे नवरा येतो.

"अहो बाई, उखाणा नाही मागत. नुसतं नाव घ्या."

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं गोकुळ हसला.

"नाही घेता येत, दादा. आमच्यात घेत नाहीत."

"नाव घेववत नाही, मग पैसे कसे घेववतात?"

पुन्हा हशा. दुर्गानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "घेता येत नाही, पण घालता येतं. त्यांच्या पायाशी पिशवीतून डबा दिसतोय. त्यावर मीच घातलंय. वाचून लिहून घ्या."

गोकुळनं पायानं पिशवी बाकाखाली ढकलली. ते साहेबांनी पाहिलं. "आणा तो इकडं."

गजाननांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "गोकुळ झुंबर पवार. ऑपरेटर. एकही खाडा नाही. जानेवारी ते डिसेंबर एकोणीसशे एक्क्याण्णव."

साहेबांनी एका हातात दाखला धरला, दुसऱ्या हातात डबा. "पवार, महिन्याला बारा दिवस कामाला जाणाऱ्याला हे बक्षीस कसं मिळालं? फुकट वाटतात वाटतं तुमच्या कारखान्यात."

आता हा माणूस बघा. गप्प बसला असता, ठेकेदाराचं नाव पुढं केलं असतं, तरी चाललं असतं. पण त्याचा डबा कुणी फुकटचा म्हटला होता.

"फुकट नाही, साहेब! ताप अंगात घेऊन गेलोय मी. एक दिवस दाखवा, माझा खाडा दाखवा!"

मग त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. कोर्टात कुणी हसलं नाही, एवढा तो हास्यास्पद दिसत होता.

अर्ज फेटाळला. अडीचशे कायम, शिवाय मागचे अडीचशे, दर महिन्याला, अकरा महिने, चुकला तर तुरुंग. लुना पुढच्या आठवड्यात खानवेलच्या एका मास्तरनं घेतली. गोकुळ चाळीतून पायी कामावर जाऊ लागला, आणि तरी वेळेवर जाऊ लागला.

त्या दिवशी तो तरातरा बाहेर पडला तेव्हा गजाननांनी हाक मारली, "अहो, डबा!"

"नको मला तो!"

दुर्गानं डबा उचलला. भाकरी अजून मऊ होती. ती तिनं आणि गुड्डीनं कोर्टाच्या पायरीवर बसून खाल्ली. तिनं नाव मुद्दाम घेतलं नाही की खरंच घेववलं नाही, हे बाजारात अजून विचारतात. ती सांगत नाही, आणि आम्हीही तिला ते विचारणं सोडलंय.

जूनपासून गुड्डी त्या डब्यात शाळेला भाकरी न्यायला लागली. वर्गातल्या पोरींनी विचारलं, "हे कोण गं?"

"माझा बाप."

"असतो कुठं?"

गुड्डीनं बोट फिरवत 'एकही खाडा नाही' ही अक्षरं लावली. "कामावर," ती म्हणाली, आणि झाकण उघडून जेवायला बसली.